रेड्याच्या आधीचा बैल

बैलाला पत्र्या ठोकायच्या असल्या की आधी त्याला पाडावे लागते. पायांत दोराचे फास अडकवतात, दोघे-तिघे एका बाजूने हिसडा देतात आणि एवढे मोठे जनावर धप्पकन आडवे होते. मग चारी खूर एकत्र आणून बांधतात. आठवडी बाजाराच्या गावात ज्यांचे लहानपण गेले त्यांनी हे पाहिलेले असते. पडलेला बैल उभ्या बैलापेक्षा मोठा दिसतो, हेही त्यांना आठवत असेल. ताकद तेवढीच, पण तिला जायला वाट नसते, म्हणून ती मानेत, पोटात, डोळ्यांत फुगून राहते. काम झाले की दोर सुटतो, बैल धडपडत उठतो, अंग झाडतो आणि काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागतो.

तैयब मेहतांच्या चित्रातला बैल उठत नाही. 1956 सालच्या त्या तैलचित्राचे नाव ‘ट्रस्ड बुल’, म्हणजे पाय जखडून पाडलेला बैल. तैयब तेव्हा 31 वर्षांचे होते. पुढे याच चित्रकाराच्या कॅनव्हासवर दुर्गेशी झुंजणारा महिषासुर आला, त्या चित्रांनी लिलावांत विक्रम केले आणि ‘पौराणिक विषय हाताळणारे आधुनिक चित्रकार’ असा शिक्का तैयबांवर बसला. शिक्का खोटा नाही, पण त्यात क्रम उलटा लागतो. महिषासुर यायला बैलानंतर जवळजवळ चार दशके गेली. या प्रकरणात मला सांगायचे आहे ते त्या क्रमाबद्दल.

आपल्याकडे पुराण आणि तैलरंग यांची गाठ राजा रविवर्म्याने घातली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्याने चौदा पौराणिक चित्रे केली, 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि कमळावरची लक्ष्मी घरोघरच्या भिंतीवर पोहोचली. रविवर्म्याची रीत सरळ होती. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आपण तिला चेहरा, कपडे, दागिने आणि उजेड द्यायचा. दमयंती कोण हे प्रेक्षकाला आधीच माहीत असल्यामुळे चित्र लगेच बोलू लागते. कथा आधी, चित्र नंतर.

तैयबांना ही सोय नव्हती. 1925 मध्ये गुजरातेत कपडवंजला जन्म, दाऊदी बोहरा कुटुंब, वाढले मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात. सुरुवातीला त्यांनी चित्रपटांच्या संकलनाचे काम केले, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिरले आणि 1952 मध्ये पदविका घेऊन बाहेर पडले. सूझा, रझा, हुसेन, अकबर पदमसी, गायतोंडे ही मित्रमंडळी. दुर्गा किंवा काली त्यांना देवघरातून मिळालेली नव्हती. त्यांच्यापाशी होते ते एका खिडकीतून पाहिलेले दृश्य.

1947 साली ते मोहम्मद अली रोडवर राहत होते. दंगलीचे दिवस होते. खिडकीखालच्या रस्त्यावर जमावाने एका तरुणाला पकडले, मारहाण केली आणि दगडांनी त्याचे डोके ठेचले. बावीस वर्षांचे तैयब वरून पाहत होते. त्यानंतर कित्येक दिवस ते तापाने फणफणले, आणि ते दृश्य आपला पाठलाग करीत राहिले असे त्यांनी पुढे मुलाखतीत सांगितले. एका चित्रकाराच्या साठ वर्षांच्या कामाला एकच प्रसंग कारण म्हणून चिकटवणे मला एरवी पटत नाही. माणसाचे मन एवढे एकमार्गी नसते. इथे मात्र ते तितकेसे चूक वाटत नाही, कारण तैयबांनी तो प्रसंग कधी रंगवलाच नाही. दंगलीचे चित्र नाही, जमाव नाही, दगड नाहीत. फाळणीवर चित्र काढायला त्या पिढीत कोणी अडवले नव्हते. त्यांनी रंगवला बैल.

बैल आला दोन ठिकाणांहून. एक मुंबईतला बांद्र्याचा कत्तलखाना, जिथे जनावराला कापण्याआधी पाय बांधून जमिनीवर लोळवत. दुसरे ठिकाण लंडनचे ब्रिटिश म्युझियम. 1954 मध्ये युरोपला गेले असताना तिथल्या इजिप्शियन उठावशिल्पात त्यांना जखडलेला बैल दिसला. हजारो वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराने पाहिलेले आणि बांद्र्याला रोज पहाटे घडणारे एकच, हे ध्यानात आल्यावर त्या प्रतिमेला वेगळे वजन आले असणार. एवढी शक्ती अंगात असलेला प्राणी असहाय होऊन पडतो यात त्यांना देशाची अवस्था दिसली: प्रचंड लोकसंख्या, प्रचंड ऊर्जा आणि तिला वाट नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. स्वतःच्या घट्ट बांधलेल्या, गुदमरवणाऱ्या समाजातले आपले बालपणही त्या बैलात असावे, असे ते म्हणाले. म्हणजे दोर नुसता कसायाचा नव्हता.

खासगी प्रतीक म्हणतात ते हे. गाय म्हटले की माता, कमळ म्हटले की लक्ष्मी, घुबड म्हटले की अवदसा, हे अर्थ समाजाने ठरवलेले असतात; चित्रकार ते उसने घेतो. खासगी प्रतीकाला असा कोश नसतो. ते पुन्हा पुन्हा काढून, दर वेळी थोडे बदलून, प्रेक्षकाला त्याची सवय लावावी लागते. त्यात धोका असतो. पहिल्या दहा वर्षांत लोकांना फक्त एक बैल दिसतो.

या काळातले तैयबांचे रंगकाम पाहण्यासारखे आहे. रंग दाट, थरावर थर, आकृती जणू त्या लगद्यात रुतलेली. तैलरंग सावकाश वाळतो. ओल्यावर ओले लावता येते, खरवडता येते, कालचे आज मोडता येते. ज्याला काय म्हणायचे ते अजून सापडलेले नाही त्याला हे माध्यम धार्जिणे असते. 1959 ते 1964 ही वर्षे त्यांनी लंडनला काढली. फ्रान्सिस बेकन तेव्हा तिथे ऐन भरात होता. मांसाच्या गोळ्यासारखी पिळवटलेली, तोंड उघडून किंचाळणारी त्याची माणसे तैयबांनी पाहिली. बेकनचा ठसा त्यांच्यावर आहे, तो त्यांचे टीकाकारही मानतात आणि चाहतेही. पण बेकनची माणसे बंद खोलीत किंचाळतात, तैयबांची उघड्यावर पडतात. कोसळणारी आकृती हा त्यांचा दुसरा विषय होता आणि तो 1960च्या दशकाच्या मध्यापासून शेवटपर्यंत त्यांच्यासोबत राहिला. कधी माणूस, कधी पक्षी. डोके खाली, हातपाय कुठेही, आणि जमीन चित्रात नाहीच. खिडकीतून खाली पाहणाऱ्याला पडणारा माणूस कसा दिसेल, असा विचार मनात आला की ही चित्रे पाहणे जड जाते.

1968 मध्ये रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे बार्नेट न्यूमनची चित्रे प्रत्यक्ष समोर आली. न्यूमन म्हणजे अख्ख्या भिंतीएवढा सपाट रंग आणि त्यातून उभी जाणारी एखादी पट्टी. आकृती नाही, कथा नाही. छापील पुस्तकात ही चित्रे म्हणजे नुसती रंगवलेली पाटी वाटते. समोर उभे राहिल्यावर मात्र तो रंग अंगावर येतो. तैयबांनी आकृती सोडली नाही, पण लगदा सोडला. परतल्यावर त्यांचे रंग सपाट झाले, कडा धारदार झाल्या, ब्रशाच्या खुणा गेल्या.

आणि 1969 मध्ये ती रेषा आली. काम अडले होते, काही जमत नव्हते, तेव्हा वैतागाच्या भरात त्यांनी कॅनव्हासवर एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे तिरपा फटकारा मारला. शाळेतल्या भूमितीत आपण जिला कर्ण म्हणतो ती रेषा. फटकारा राहिला. पुढची काही वर्षे ते ‘डायगोनल’ मालिकाच करीत होते. कर्णाच्या एका बाजूला आकृतीचे अर्धे अंग, दुसऱ्या बाजूला अर्धे, आणि दोन्ही अर्ध्या भागांचे पटत नाही: हात इथे सुरू होतो आणि तिकडे भलत्याच ठिकाणी निघतो. या रेषेत फाळणी पाहणारे अनेक आहेत आणि त्यांना आधारही आहे. मला तिथे संकलकाची कात्रीही दिसते. फिल्म हाताने कापून जोडण्याचा तो काळ होता. दोन तुकडे जोडले की मधल्या काही चौकटी नाहीशा होतात, आणि पाहणारा त्या मनातल्या मनात भरून काढतो. तैयबांच्या कर्णातही असेच काही कापलेले असते, आणि नेमके काय ते चित्रकार सांगत नाही.

साठीला टेकेपर्यंत त्यांच्याकडे ही एवढी शिदोरी जमली होती: जखडलेला बैल, कोसळणारा माणूस, पंख असून पडणारा पक्षी, दुभंगणारी रेषा, आणि रिक्षा ओढणारा. हातरिक्षा कलकत्त्याची. त्यांच्या चित्रात रिक्षाचे दांडे आणि ओढणाऱ्याचे हात एकमेकांत असे गुंततात की माणूस कुठे संपला आणि लाकूड कुठे सुरू झाले हे सांगता येत नाही. तोही बांधलेलाच. यांपैकी एकालाही पुराणात पत्ता नव्हता.

1984-85 मध्ये ते शांतिनिकेतनला निवासी कलावंत म्हणून राहिले. बंगालमध्ये देवी देवळात बसून राहत नाही. ती दरवर्षी मातीतून घडते, मांडवात येते, विसर्जनाला जाते, आणि तिच्या पायाशी दरवर्षी नवा महिषासुर मरतो. शिवाय चडकाचा उत्सव, संथाळांचे ढोल, त्यांचा नाच. हे सगळे त्यांच्या ‘शांतिनिकेतन’ या तीन भागांच्या मोठ्या चित्रात उतरले. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. त्यानंतर काली आली. तैयबांची काली निळी आहे आणि तिचे तोंड लालभडक उघडे आहे. दागिने नाहीत, मुंडमाळेचा थाट नाही, तेजोवलय नाही. बेकनच्या किंकाळीपासून ते तोंड फार लांब नाही. फरक एवढाच की आता ते खाणाऱ्याचे तोंड आहे की ओरडणाऱ्याचे, हे ठरवता येत नाही.

मग 1990च्या दशकात महिषासुर.

मूळ कथा आठवून पाहू. मार्कंडेय पुराणातल्या देवीमाहात्म्यात महिषासुर एकाच रूपात मरत नाही. रेडा होतो, सिंह होतो, खड्ग घेतलेला पुरुष होतो, हत्ती होतो, पुन्हा रेडा होतो. देवी मद्य पिते, हसते, झेप घेऊन त्याच्या मानेवर पाय देते, आणि तो स्वतःच्याच तोंडातून अर्धा बाहेर आलेला असताना त्याचे मस्तक उडवते. अर्धा पशू, अर्धा पुरुष, मध्येच अडकलेला. शिल्पकारांना या क्षणाचे वेड होते. मामल्लपुरमच्या सातव्या शतकातल्या गुहेत त्याला माणसाचे धड आणि रेड्याचे तोंड दिले आहे, आणि तो मरत नाहीये, गदा धरून मागे रेलतो आहे. वेरूळच्या कैलास लेण्यातही देवी आणि असुर समोरासमोर आहेत. कॅलेंडरवर मात्र त्याचा पार बापुडा झाला आहे: मिशीवाला, पिळदार, देवीच्या पायाखाली भाला घुसलेला खलनायक. बाजू ठरलेल्या, निकाल लागलेला.

तैयबांच्या चित्रात निकाल लागलेला नाही. सपाट रंगाच्या पार्श्वभूमीवर दोन देह एकमेकांत अडकलेले आहेत. रेड्याचे मस्तक मागे कललेले, देवीचा चेहरा त्याच्या जवळ, फार जवळ. हात मोजायला जा, घोटाळा होतो. हा पाय कोणाचा? ही मांडी तिची की त्याची? आपण मारामारी पाहतो आहोत की मिठी, असा प्रश्न पडतो, आणि तो पडावा अशीच रचना आहे. असुराच्या मानेची आणि पाठीची ती ओढ नीट पाहिली की आणखी काही ओळखीचे दिसू लागते. हा तर 1956 चा बैल. पाय अजून मोकळे नाहीत, अंगातली ताकद अजून तुंबलेली आहे. एवढी वर्षे ज्याला फक्त कसाई होता त्याला आता देवी भेटली.

म्हणूनच मी क्रमाचा आग्रह धरतो. तैयबांनी पुराण उघडून विषय निवडला नाही. त्यांचा बैल आयुष्यभर एका गोष्टीच्या शोधात होता आणि साठीनंतर ती त्याला सापडली. देवीमाहात्म्य नसते तरी हा बैल होताच. पुराणामुळे त्याला एक जोडीदार मिळाला, आणि कापणारा व कापला जाणारा यांच्यात निव्वळ क्रौर्याखेरीज दुसरेही नाते असू शकते ही शक्यता मिळाली. ज्याने तरुणपणी खिडकीतून माणूस मारला जाताना पाहिला त्याला ही शक्यता सापडायला एवढा काळ लागावा, हे समजण्यासारखे आहे.

मराठी वाचकाला हे नाते ऐकून फार धक्का बसायला नको. आपल्याकडे शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. नावातच म्हैस आहे. दा. ध. कोसंबींनी 1962 च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात पुणे परिसर पायी धुंडाळून हा धागा मांडला: पुराणात जो असुर म्हणून मारला जातो तोच महिष इथे गुराख्या-धनगरांचा देव आहे, आणि कुठे देवी त्याला मारते तर कुठे तीच त्याची बायको असते. पुरंदर तालुक्यात वीरला म्हस्कोबाची मोठी यात्रा भरते. माघातल्या त्या यात्रेत म्हस्कोबा आणि जोगेश्वरीचे लग्न लागते, अक्षता पडतात, पालख्या निघतात. भक्तांच्या लेखी तो नाथ आहे, काळभैरव आहे. त्याला असुर म्हणाल तर वीरमधून हाकलून देतील, आणि ते योग्यच होईल. पण महिषाच्या नावाचा देव आणि देवी यांचे लग्न लावणारी माणसे आपल्याच मुलखात आहेत एवढे खरे. तैयबांनी वीरची यात्रा पाहिली होती असा माझा दावा नाही. कॅनव्हाससमोर बसून ते ज्या जागी पोहोचले तिथे धनगर आधीच वस्तीला होते, इतकेच.

माध्यमाबद्दल थोडे सांगायला हवे. महिषासुराची चित्रे तैलरंगात नाहीत, अ‍ॅक्रिलिकमध्ये आहेत. हा नुसता सोयीचा बदल नव्हे. अ‍ॅक्रिलिक झटपट वाळतो, सपाट बसतो, कडा सुरीने कापल्यासारखी येते. मात्र कालचे आज मोडता येत नाही. आधी रेखाटनात सगळे ठरवावे लागते. तैयब रेखाटने पुन्हा पुन्हा करीत, वर्षात मोजकीच चित्रे पुरी करीत आणि न आवडलेली नष्ट करीत. दाट तैलरंगात चाचपडणारा तरुण आणि सपाट रंगात एका फटक्यात सांगणारा म्हातारा यांच्यामध्ये चाळीस वर्षांचे चाचपडणे आहे. नव्या चित्रकारांना तो सपाटपणा सोपा वाटतो आणि ते तिथूनच सुरुवात करतात, हा मला वारंवार दिसणारा दोष आहे.

पैशांची गोष्ट लवकर उरकतो, कारण वर्तमानपत्रांनी ती पुरेशी सांगितली आहे. 2002 मध्ये ‘सेलिब्रेशन’ हे तीन भागांचे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात 3,17,500 डॉलरला, म्हणजे सुमारे दीड कोटी रुपयांना गेले. भारतीय चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. 2005 मध्ये 1997 सालच्या ‘महिषासुर’ने तिथेच 15 लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. चित्रकार स्वतः मुंबईच्या उपनगरातल्या साध्या फ्लॅटमध्ये राहत होता. 2007 मध्ये पद्मभूषण मिळाले, जुलै 2009 मध्ये ते गेले. 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या लिलावात तो 1956 चा बैल 61.8 कोटींना विकला गेला. बाजारानेही अखेर महिषासुरापेक्षा त्याच्या आधीच्या बैलाला जास्त मोल दिले, हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

ही चित्रे बहुतेक खासगी संग्रहांत आहेत आणि सहज बघायला मिळत नाहीत. पण तैयबांनी 1970 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी एक लघुपट केला होता: ‘कूडल’. तमिळ शब्द, अर्थ भेट किंवा संगम. त्याला फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कार मिळाला. त्यात मुंबईची गर्दी आहे आणि बांद्र्याचा कत्तलखानाही आहे. लांबी अवघी सोळा मिनिटे. महिषासुराची छापील प्रत समोर घ्यायच्या आधी, जमल्यास, तो एकदा पाहा. तिथला बैल लक्षात ठेवा आणि मग पान उघडा.